ड्रॉवरमधला पोको अजून जिवंत आहे

आज घरी गेलात की एक काम करा. जुने चार्जर, गुंता झालेले इअरफोन आणि बंद पडलेली घड्याळं ज्या ड्रॉवरमध्ये असतात ना, तो उघडा. त्यात एक तरी जुना स्मार्टफोन सापडेलच. तो चार्जिंगला लावा. थोड्या वेळाने कंपनीचा लोगो झळकला, स्क्रीन लागली, टच चालला, तर स्वतःला एकच प्रश्न विचारा : हा फोन आपण बदलला का होता?

फोन फुटला किंवा पाण्यात पडला असेल, तर विषय संपला. पण उत्तर जर 'अपडेट यायचे बंद झाले', 'बँकेचं अ‍ॅप म्हणालं या व्हर्जनवर चालणार नाही' किंवा 'फारच स्लो झाला होता' असं काही असेल, तर पुढचं वाचा. कारण तुमचा फोन बिघडलेलाच नव्हता. त्याच्यावर काम करणारं माणूस निघून गेलं होतं, एवढंच.

पोको एफ-वनचंच उदाहरण घ्या. २२ ऑगस्ट २०१८ ला हा फोन भारतात लाँच झाला, तेव्हा तुमच्यातले बरेच जण शाळेत असतील. किंमत २०,९९९ रुपयांपासून. आत स्नॅपड्रॅगन ८४५ प्रोसेसर, ६ जीबी रॅम आणि ४००० एमएएचची बॅटरी. त्याच वर्षी हाच प्रोसेसर असलेला वनप्लस ६ चौतीस हजार नऊशे नव्याण्णवपासून सुरू होत होता. त्यामुळे पोकोवर पोरांच्या उड्या पडल्या यात नवल नव्हतं. बॉक्समधून निघाला तेव्हा त्यात अँड्रॉइड ८.१ होतं. कंपनीने त्याला अँड्रॉइड १० पर्यंत नेलं आणि तिथेच हात सोडला.

प्रोसेसरचे आठही कोअर आजही धडधाकट आहेत. पण सिक्युरिटी अपडेट बंद, म्हणजे त्यानंतर जगाला कळलेली प्रत्येक फट त्या फोनमध्ये तशीच उघडी. ज्या वस्तूत आपले फोटो, पासवर्ड आणि बँक आहे, तिला अशा फटी परवडत नाहीत. मग आपण नवीन फोन घेतो. ईएमआयवर घेतो. पार्टटाइम जॉबचे दोन-तीन पगार त्यात जातात. आणि जुना फोन ड्रॉवरमध्ये जातो.

बिल्डर गेला, सोसायटी राहिली

असं का होतं, हे समजायला इंजिनीअरिंगला असण्याची गरज नाही. पुण्यात राहत असाल तर उदाहरण दाराबाहेरच आहे. बिल्डर सोसायटी बांधतो, फ्लॅट विकतो आणि पुढच्या साइटकडे वळतो. पाच-सात वर्षांनी टेरेस गळायला लागते, लिफ्ट अडकायला लागते. भिंती पक्क्या असतात, माणसं राहत असतात, फक्त मेंटेनन्स बघायला कोणी नसतं. मग रहिवासी एकत्र येतात, कमिटी नेमतात आणि कारभार हातात घेतात.

फोनचं अगदी तसंच आहे. प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सचा कर्नेल असतो. कर्नेल म्हणजे सॉफ्टवेअर आणि हार्डवेअर यांच्यामधला दुवा. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये सुरू केलेला हा कर्नेल जगभरातले लोक मिळून लिहितात आणि त्याच्या नव्या आवृत्त्या सतत येत राहतात. पण फोन तयार होताना चिप बनवणारी कंपनी त्याची एक जुनी आवृत्ती घेते, आपल्या चिपसाठी त्यात भरपूर बदल करते आणि फोन कंपनीच्या हातात देते. स्नॅपड्रॅगन ८४५ साठी ती आवृत्ती ४.९ होती. मूळ कर्नेल पुढे निघून जातो, ही फांदी मात्र तिथेच वाळते. चिप कंपनीने त्या चिपवरचं काम थांबवलं की फोन कंपनीला पुढे जाणं महाग पडतं. आणि तुम्हाला नवा फोन विकता येत असताना तो खर्च ती का करेल?

इथे एक गोष्ट आपल्या बाजूने आहे. लिनक्स कर्नेलचं लायसन्स, म्हणजे जीपीएल, सांगतं की तुम्ही बदललेला कर्नेल लोकांना देत असाल, तर त्याचा सोर्स कोडही द्यावा लागेल. काही कंपन्या तो वेळेवर देतात, काही रडतखडत देतात. पण निदान इमारतीचे अर्धे नकाशे रहिवाशांना मिळतात. उरलेले अर्धे, म्हणजे मोडेम, कॅमेरा वगैरेंचं बंदिस्त सॉफ्टवेअर, कपाटात कुलूपबंद राहतात. पुढची सगळी मारामारी त्या उरलेल्या अर्ध्यांसाठी असते.

कमिटी क्रमांक एक, कमिटी क्रमांक दोन

सोडून दिलेले फोन चालते ठेवणाऱ्या कमिट्या दोन प्रकारच्या आहेत.

पहिली म्हणजे लिनिएजओएस. हे अँड्रॉइडच आहे, फक्त कंपनीऐवजी कम्युनिटीने सांभाळलेलं. याच्या जन्माची गोष्ट आपल्या देशाला चाटून जाते. सायनोजेनमॉड नावाचं एक कम्युनिटी अँड्रॉइड होतं. त्यातून सायनोजेन ही कंपनी निघाली. मायक्रोमॅक्सने आपल्या 'यू' ब्रँडचा युरेका डिसेंबर २०१४ मध्ये आणला तो सायनोजेनच्या सॉफ्टवेअरसह. भारतातले हक्क आपल्याकडे आहेत म्हणून मायक्रोमॅक्स त्याच महिन्यात वनप्लसविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेली होती, इतकं त्या सॉफ्टवेअरला मोल होतं. बरोबर दोन वर्षांनी, डिसेंबर २०१६ मध्ये, सायनोजेनने सेवा बंद करत असल्याचं जाहीर केलं. कंपनीचं शटर पडलं, पण सोर्स कोड खुला होता. लोकांनी तो उचलला, नवीन नाव दिलं आणि काम सुरू ठेवलं. तोच लिनिएजओएस. पोको एफ-वनला या मंडळींनी अँड्रॉइड १० च्या कितीतरी पुढे नेलं आहे.

दुसरी कमिटी जास्त हट्टी आहे. तिचं नाव पोस्टमार्केटओएस. नावातच अर्थ आहे : बाजार संपल्यानंतरची ऑपरेटिंग सिस्टिम. ऑलिव्हर स्मिथ या डेव्हलपरने मे २०१७ मध्ये हा प्रकल्प जाहीर केला, तेव्हाच ध्येय सांगितलं होतं : स्मार्टफोन दहा वर्षं चालला पाहिजे. यांनी अँड्रॉइड पूर्ण बाजूला ठेवलं. अल्पाइन लिनक्स नावाची एक अगदी हलकी लिनक्स घेतली आणि ती फोनवर बसवायला सुरुवात केली. वर दिसायला फॉश किंवा प्लाझ्मा मोबाइल यांसारखे इंटरफेस. आत मात्र तुमच्या लॅबमधल्या उबुंटूसारखीच खरीखुरी लिनक्स.

यांचा हट्ट असा की वाळलेल्या फांदीवर रंगरंगोटी करत बसायचं नाही, फोनला मूळ खोडालाच जोडायचं. त्यासाठी 'डिव्हाइस ट्री' नावाची फाइल लिहावी लागते. फोनमध्ये कोणती चिप कुठे बसली आहे, कोणती तार कुठे जाते, स्क्रीन कोणत्या कंपनीची, हे सगळं त्या फाइलीत असतं. ती मुख्य कर्नेलमध्ये स्वीकारली गेली की पुढच्या नव्या आवृत्त्यांमध्ये त्या फोनला जागा मिळते. पोको एफ-वनची अशी फाइल २०२० मध्ये मुख्य कर्नेलमध्ये गेली. कंपनीने ४.९ वर सोडलेला फोन त्यामुळे आजच्या कर्नेलवर बूट होतो. एवढंच कशाला, २०१५ मध्ये ६,९९९ रुपयांना आलेला, १ जीबी रॅमचा रेडमी २ आठवतो? मागचं झाकण काढून बॅटरी बदलता येणारा? त्यालाही या लोकांनी जगवलं आहे.

आता खरं सांगते

इथपर्यंत वाचून तुम्ही फोन फॉरमॅट करायला निघाला असाल तर थांबा. तुमच्या रोजच्या, एकुलत्या एका फोनवर पोस्टमार्केटओएस टाकू नका. कारणं साधी आहेत आणि ती आपल्या देशात जास्तच बोचतात.

पहिलं कारण यूपीआय. अमृततुल्यवाल्यापासून झेरॉक्सवाल्यापर्यंत सगळीकडे आपण स्कॅन करतो. ही अ‍ॅप्स सिम कार्डशी जोडलेली असतात, शिवाय फोन गुगलने मान्य केलेल्या स्थितीत आहे का हेही तपासतात. लिनक्सवर अँड्रॉइड अ‍ॅप चालवायला वेड्रॉइड नावाचा मार्ग आहे, पण त्यावर बँकेचं काही चालेल असं धरून चालू नका. लिनिएजओएसवरही बँकेची काही अ‍ॅप्स रुसतात.

दुसरं कारण कॉल. जिओ सप्टेंबर २०१६ मध्ये आलं तेच फक्त ४ जी घेऊन. त्यामुळे जिओवर साधा कॉलसुद्धा व्होल्टीई या तंत्राने इंटरनेटसारखा जातो. आणि व्होल्टीई हे नेमकं त्या कुलूपबंद कपाटातलं प्रकरण आहे. बहुतेक फोनवर लिनक्स टाकली की नेट चाललं तरी जिओचा कॉल लागत नाही. २ जी नेटवर्क असलेल्या कंपनीचं सिम असेल तर कॉल जुन्या पद्धतीने लागू शकतो.

तिसरं कारण कॅमेरा. कित्येक फोनवर तो चालतच नाही, चालला तरी अर्धवट. गणपतीचे फोटो विसरा.

म्हणजे हिशोब असा : रोजचा फोन म्हणून जुनं मॉडेल अजून दोन-तीन वर्षं ओढायचं असेल तर लिनिएजओएस. आणि ड्रॉवरमधल्या फोनला पूर्ण नवं काम द्यायचं असेल तर पोस्टमार्केटओएस.

नवं काम म्हणजे कोणतं?

पोको एफ-वनकडे फोन म्हणून बघणं क्षणभर सोडा. आठ कोअर, ६ जीबी रॅम, वायफाय, टचस्क्रीन आणि बॅटरी असलेला हा एक छोटा संगणक आहे. प्रोजेक्टसाठी रास्पबेरी पाय घ्यायचं म्हणून तुम्ही वर्गणी काढत असता ना? त्याचं बरंचसं काम हा करू शकतो.

त्यावर पायथन चालतं, गिट चालतं, लॅपटॉपवरून एसएसएचने आत शिरता येतं. फ्लॅटमधल्या चौघांचा मिळून फाइल सर्व्हर करता येतो. वायफायवरच्या जाहिराती अडवणारा फिल्टर बसवता येतो. कीबोर्ड जोडून लिनक्सच्या कमांड शिकायला फुकटची पाटी मिळते. लाइट गेली तर बॅटरीमुळे तो बंद पडत नाही. फक्त एक काळजी घ्या : जुनी लिथियम बॅटरी चोवीस तास चार्जिंगला लावून ठेवली तर फुगू शकते. पाठ उचललेली दिसली की फोन ताबडतोब बंद करा आणि बॅटरी बदलून घ्या. तापकीर गल्लीत किंवा तुमच्या चौकातल्या रिपेअरवाल्याकडे हे काम होतं. बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या.

ई-कचऱ्याचं निघालंच आहे तर एक आकडा. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला. त्यातल्या फक्त २२.३ टक्क्यांचा नीट गोळा करून पुनर्वापर झाल्याची नोंद आहे. उरलेला कुठे गेला याची नोंदच नाही. त्यातला बराचसा कुणाच्या तरी उघड्या हातांनी फोडला, जाळला किंवा गाडला जातो. आणि फोनचं पर्यावरणावरचं ओझं मुख्यतः तो तयार होतानाच पडलेलं असतं. त्यामुळे आहे तो फोन एक वर्ष जास्त वापरणं, हे कोणत्याही इको-फ्रेंडली कव्हरपेक्षा मोठं काम आहे.

पुण्याला हे नवीन नाही

'हे सगळं जर्मनी-बिर्मनीतल्या लोकांचं' असं वाटत असेल तर जरा थांबा. कंपनीची वाट न पाहता सॉफ्टवेअर आपणच सांभाळायचं, ही सवय या शहराला आपल्या जन्माआधीपासूनची आहे. पुणे लिनक्स युजर्स ग्रुप, म्हणजे 'प्लग', त्याच्या महिन्याच्या भेटी मॉडेल कॉलनीतल्या सिम्बायोसिसच्या एसआयसीएसआर कॉलेजात भरत. त्याच कॉलेजात 'ग्नुनिफाय' हा मुक्त सॉफ्टवेअरचा मेळावा विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं भरवला. सीओईपीमध्ये विद्यार्थ्यांचा स्वतःचा फ्री सॉफ्टवेअर युजर्स ग्रुप आहे.

आणि एक गोष्ट तर थेट आपल्या भाषेची. रेड हॅटने २००४ मध्ये 'लोहित' नावाचे भारतीय लिपींचे फॉन्ट मुक्त लायसन्सखाली खुले केले. लोहित म्हणजे लाल, कंपनीच्या नावावरून. त्यांची देखभाल बराच काळ रेड हॅटच्या पुण्यातल्या ऑफिसमधून झाली. कित्येक वर्षं फेडोरा लिनक्सवर मराठी उघडली की दिसणारी अक्षरं ही लोहितची होती. मराठीचा 'ल' आणि 'श' हिंदीपेक्षा वेगळा वळतो, 'सुऱ्या' आणि 'सूर्या'तला र वेगळा दिसतो, हे जगातल्या कोणत्याही कंपनीच्या प्राधान्यक्रमात पहिलं नसतं. मराठी वाचणारं कोणीतरी तिथे बसलेलं असावं लागतं.

म्हणूनच माझ्यासारख्या मास कॉमवाल्यांनी, कॉमर्सवाल्यांनी 'हे कोडिंगवाल्यांचं काम' म्हणून पान उलटू नये. या कमिट्यांना कोड लिहिणारे लागतात, तसेच मेनू मराठीत आणणारे, एखाद्या मॉडेलवर काय चालतं न् काय नाही हे तपासून लिहिणारे आणि नवख्याला समजेल अशी माहिती मांडणारेही लागतात. सबमिशनच्या आदल्या रात्री आपण जे करतो त्यापेक्षा हे बरंच उपयोगी लेखन आहे.

करायचंच असेल तर

क्रम चुकवू नका. आधी तुमच्या फोनचं नेमकं मॉडेल आणि त्याचं कोडनेम शोधा. पोको एफ-वनचं 'बेरिलियम' आहे. मग ते प्रकल्पाच्या यादीत आहे का आणि कोणत्या वर्गात आहे ते बघा. 'टेस्टिंग' वर्गात असेल तर सुरुवात तिथून करू नका, 'कम्युनिटी' वर्गातला फोन निवडा. यादीत नसेल तर तिथेच थांबा. एका मॉडेलची फाइल दुसऱ्यात टाकली तर फोनचा खरंच दगड होतो.

नंतर सगळा डेटा दुसरीकडे काढून घ्या, कारण बूटलोडर अनलॉक करताना फोन पूर्ण पुसला जातो. हे अनलॉकिंग काही कंपन्या अर्ज करून, काही दिवस थांबवून देतात. काही देतच नाहीत. पोकोवाल्यांसाठी खास सूचना : या फोनमध्ये दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्क्रीन लागल्या आहेत, तियानमा आणि ईबीबीजी. आपली कोणती ते तपासून त्याचीच फाइल घ्या. सगळं नीट बसलं आणि पासवर्ड मागितला तर तयार फाइलमध्ये तो १४७१४७ असतो. आत गेल्यावर पहिल्यांदा तो बदला.

आणि फोन घरातल्या कुणाचा असेल तर आधी विचारा. आईच्या जुन्या फोनमध्ये काय काय जपून ठेवलेलं असतं हे आपल्याला माहीत नसतं.

सात वर्षांचं वचन

कंपन्या सुधारतायत का? थोड्या. गुगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये एस २४ ला सात वर्षांच्या अपडेटचं वचन दिलं. युरोपियन युनियनमध्ये २० जून २०२५ पासून नियम लागू झाला आहे की मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षं अपडेट मिळाले पाहिजेत. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. वस्तू किती दुरुस्त करता येते याचा निर्देशांक ठरवणाऱ्या समितीने मे २०२५ मध्ये अहवाल दिला आणि त्यात सॉफ्टवेअर अपडेटचाही विचार आहे. पण सात वर्षांची वचनं आधी महागड्या फोनना मिळाली. आपल्यातले बहुतेक जण जे घेतात त्या दहा-पंधरा हजारांच्या फोनचं काय, हा प्रश्न अजून उभाच आहे.

आणि शेवटची गोष्ट, जी या सगळ्यात कमी बोलली जाते. पोस्टमार्केटओएसच्या वरच्या वर्गात फोन टिकायचा असेल तर त्याला मेंटेनर लागतो. मेंटेनर म्हणजे नवी आवृत्ती आली की आपल्या फोनवर ती टाकून बघणारा, बिघडलं तर कळवणारा, जमलं तर दुरुस्त करणारा माणूस. यातल्या बहुतेकांना याचे पैसे मिळत नाहीत. त्यांना नोकरी लागते, लग्न होतं, फोन हरवतो. दुसरं कोणी पुढे आलं नाही तर तो फोन खालच्या वर्गात घसरतो. कंपनीने सोडलेला फोन असा दुसऱ्यांदा सुटतो, आणि या वेळी त्याला उचलायला कोणी नसतं.

सोसायटीच्या मीटिंगला कोणीच आलं नाही तर कमिटी दोन काकांवर चालते, हे आपण घरी बघतोच. त्या दोन काकांना एक तरुण माणूस हवा असतो. तुमच्या ड्रॉवरमधल्या फोनचं नाव त्या यादीत आहे का, आणि त्याच्यापुढे मेंटेनरचं नाव आहे की जागा रिकामी, एवढं तरी या शनिवार-रविवारी बघून घ्या.